माझ्या अंगावरचं हिरवं ठिगळ

थांबा, मित्रांनो! आधी चपला काढा, पाय झाडा आणि मगच बसा. मी जुनी झाले, विटले, पण चिखलाचे पाय मला अजून खपत नाहीत. मी सभेची सतरंजी. एके काळी अर्धं गाव माझ्यावर मांडी घालून बसायचं. आता मी एका कोपऱ्यात पडून असते आणि दिवसचे दिवस कुणाचा शब्द कानावर पडत नाही. आज तुम्ही आयते सापडला आहात, तेव्हा सगळं सांगूनच टाकते.

माझा जन्म हातमागावर झाला. लाल अंग आणि त्यावर निळे पट्टे. इतकी लांब, की मागावरून उतरवताना विणणाऱ्याला शेजाऱ्याला हाक मारावी लागली. नंदुरबारच्या बाजारात शांतिलालशेठचं कापडाचं दुकान होतं. शेठ पक्षाचे जुने माणूस. त्यांनी मला विकत घेतलं आणि कोरीट गावाच्या पुढे शेतांमध्ये वसलेल्या आमच्या गावच्या शाखेला देऊन टाकलं. "घ्या, पण नीट वापरा. दुसरी मागायला आलात तर चहासुद्धा पाजणार नाही," शेठ म्हणाले. तसे ते प्रत्येकाला चहा पाजायचेच.

मला न्यायला दोघं आले होते, आमशा आणि गुलाबसिंग. दोघं एका वर्गात नापास झालेले, एकाच मोटारसायकलवर फिरणारे, पक्षाची पोस्टरं एकाच डब्यातल्या खळीने चिकटवणारे. त्यांना कुणी पद दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. सभा ठरली की मला अंथरायचं आणि सभा संपली की उचलायचं, हे काम मात्र त्यांचंच.

मला उचलणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे बरं का! एका टोकाचे दोन कोपरे आमशा धरायचा, दुसऱ्या टोकाचे गुलाबसिंग. "धर रे भो!" असं ओरडून दोघं मला झटकायचे. मग एकमेकांकडे चालत यायचे. हाताला हात लागला, कोपऱ्यावर कोपरा बसला, की पहिली घडी पडायची. तिथे क्षणभर थांबून एक दुसऱ्याच्या कानात नेत्याच्या भाषणाची नक्कल करायचा आणि दोघं खिदळायचे. त्यांच्या त्या हसण्याने मीसुद्धा हलायचे. खरं सांगू? भाषण मला एकही आठवत नाही, ते हसणं तेवढं आठवतं.

राहायला मी आमशाच्या घरी होते. त्याची आई तुळशीबाई माझी फार निगा राखायची. पावसाळा संपला की मला उन्हात घालायची, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवायची. एकदा लग्नाच्या जेवणावळीत कुणाच्या विडीने मला भोक पाडलं. तुळशीबाईने त्या माणसाला असं काही झापलं, की तो बिचारा जिलेबी न खाताच उठला. मग तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला आणि मला ठिगळ लावलं. तेव्हापासून सभा असो, कानबाई देवीचा उत्सव असो की कुणाचं लग्न, ती त्या ठिगळावरच बसायची. तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर डोळे वटारायची. तिच्या मागोमाग गल्लीतल्या सगळ्या बाया बसायच्या. तिला वाचता येत नव्हतं. झेंडा कुठला, फलकावर नाव कुणाचं, हे ती कधी पाहायचीच नाही. जिथे मी, तिथे आपली सभा, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग पक्ष फुटला.

वरती कुठेतरी दोन मोठे नेते एकमेकांवर रुसले. दोघंही म्हणायला लागले, आमचाच पक्ष खरा. त्यातच जिल्हा परिषदेतली आमच्या भागाची जागा मुदतीआधीच रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. जुनं चिन्ह कुणालाच मिळालं नाही. एका गटाला कपबशी मिळाली, दुसऱ्याला शिडी. आमशा शिडीकडे गेला, गुलाबसिंग कपबशीकडे. का गेले, ते त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं. ज्याच्या त्याच्या नेत्याने खांद्यावर हात ठेवला आणि गडी विरघळले!

कार्यालयातल्या वस्तूंची वाटणी झाली. पंखा इकडे, टेबल तिकडे. मला मागायला गुलाबसिंग स्वतः आला. दारातच घुटमळला. आमशा आतून म्हणाला, "ली जाय भो. सभा व्हयनी का आनी दे." सभा झाली की मला परत आणून द्यायचं, एवढंच ठरलं; तेव्हा दोघांच्या मनात काहीच वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

दोन्ही गटांच्या सभा एकाच दिवशी पडल्या. शिडीची सभा शाळेच्या मैदानावर, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कपबशीची सभा पाराजवळ, माझ्यावर. तुळशीबाई लेकाच्या सभेला म्हणून नवं लुगडं नेसून निघाली. वाटेत पाराजवळ तिला मी दिसले, माझं हिरवं ठिगळ दिसलं. झालं! तिने चपला काढल्या आणि ती ऐसपैस बसली. मागच्या बायाही बसल्या. शेजारच्या सिंधुबाईने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई सभा आपलीच शे ना?" तुळशीबाईने माझ्यावर हात फिरवला. "आपलीच. सतरंजी दिखत नही का तुले?"

गुलाबसिंगने तिला पाहिलं. तो तिच्याकडे लगबगीने आला, वाकला, त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मंचावरून नेत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि खुशीत मान डोलावली. इतक्या बाया कुणी जमवल्या होत्या आजवर? गुलाबसिंगने तोंड मिटलं. तुळशीबाईसाठी पाण्याचा ग्लास आणला आणि तो मागे जाऊन उभा राहिला. अरे, एक वाक्य बोलायचं होतं रे! मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

कुणीतरी तिचा फोटो काढला. सभा संपायच्या आत तो गावभर मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, आमशाची आईसुद्धा आमच्याच बाजूने. शाळेच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्या राखत बसलेल्या आमशाला त्याच्याच लोकांनी गद्दार म्हटलं. त्याच्या गळ्यातला गमछा काढून घेतला आणि त्याला सभेतून हाकललं.

तो तसाच पाराकडे आला. आईला हात देऊन उठवलं. तिला काय झालंय तेच कळेना. "मी काय करं रे बापा?" ती सारखी विचारत होती. आमशा गुलाबसिंगला म्हणाला, "मन्ही माय शे ती. झेंडा नही! तू तिले सांगं का नही?"

गुलाबसिंगने तिचा रिकामा ग्लास उचलला. मायलेक निघून गेले.

त्या दिवशी माझी घडी घालायला दुसरं कुणी नव्हतं. गुलाबसिंगने एकट्यानेच मला कसंबसं गुंडाळलं, सांडलेल्या चहासकट. कपबशीवाल्यांच्या कार्यालयामागे पत्र्याची खोली होती, तिथे मला टाकून कुलूप लावलं. निकाल लागला. कपबशी पडली, शिडीही पडली आणि मतं फुटल्यामुळे तिसराच कुणी निवडून आला. पुढे काही महिन्यांनी तेच दोन नेते एकमेकांना पेढा भरवून पुन्हा एक झाले. त्या सोहळ्याला खुर्च्या होत्या, गालिचा होता. माझी आठवण कुणाला येणार? आमशा आणि गुलाबसिंग मात्र एकमेकांना पाहून रस्ता बदलत राहिले. नेत्यांचं काय जातं, मित्रांनो!

मला कुबट वास यायला लागला. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. एका दुपारी बाहेर ओळखीची पावलं वाजली. कुलूप हलवल्याचा आवाज आला. "मन्ही सतरंजी इठे शे ना? तिले ऊन दाखाडनं शे," तुळशीबाई म्हणत होती. कार्यालयातला माणूस म्हणाला, "साहेबांना विचारून या." ती बराच वेळ तिथेच उभी होती. मग पावलं हळूहळू दूर गेली. मी इतकी रडवेली कधीच झाले नव्हते. त्यानंतर रोज वाट पाहिली, पण ती काही पुन्हा आली नाही.

कुलूप उघडलं ते हिवाळ्यात. गुलाबसिंग एकटाच आला होता. मला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि आमशाच्या अंगणात त्याने मला अंथरलं. आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात, घरच्यांजवळ थोडा वेळ बसतात. लोक येत होते, बसत होते. मी तिला शोधत होते. हिरव्या ठिगळावर कुणीच बसलं नाही, तेव्हा मला समजलं.

लोक गेले. गुलाबसिंग खाली बसून मला एकट्यानेच गुंडाळायला लागला. आमशा उंबऱ्यातून बघत होता. मग तो उठला, दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने दोन कोपरे उचलले. दोघं एकमेकांकडे चालत आले. हाताला हात लागला. कुणी हसलं नाही. ठिगळ नेमकं वर आलं होतं. गुलाबसिंग ठिगळाकडे बघत म्हणाला, "काकी, ऊठ. हाई तुन्ही सभा नही." आणि हुंदका देऊन म्हणाला, "इतलंच सांगनं व्हतं रे आमशा. इतलंच."

आमशाने हात सोडला नाही. पुढची घडी दोघांनी मिळूनच घातली.

आता मी पुन्हा आमशाच्या घरी आहे, तुळशीबाईच्या रिकाम्या खाटेजवळच्या कोपऱ्यात. सभा होत नाहीत, त्यामुळे मला कुणी हलवत नाही. गुलाबसिंग अजून या घरी चहाला आलेला नाही. मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओली ठेवू नका, कुलपात कोंडू नका. आणि एकट्याने कधी गुंडाळू नका. दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं असेल, त्याला हाक मारा. पावसाळा संपला की मला ऊन दाखवावं लागेल. त्या दिवशी आमशा कुणाला हाक मारतो, याचीच मी वाट पाहते आहे.