गणवेशाच्या दुमडी

"नसीमबानू, तडजोड करून टाका," माझ्या वकील मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कोर्टानेच नेमलेला तज्ज्ञ आहे. त्याचा अहवाल खोडणं सोपं नसतं."

"सोपं असतं तर वकील कशाला केला असता?"

अहवालात लिहिलं होतं, की माझी नऊ वर्षांची सलीमा आठवड्यातले चार दिवस वाघोलीला बापाकडे राहते, तिथूनच शाळेत जाते, तिथे तिला स्वतंत्र खोली आहे. सबब ताबा इम्तियाजकडे द्यावा. कसब्यातल्या माझ्या खोलीबद्दल एकच ओळ: शिवणयंत्राचा आवाज फार. इम्तियाजने सांगितलं ते तज्ज्ञ साहेबांनी उतरवून घेतलं. आम्ही वेगळे झाल्यापासून दोन वर्षांत पोर तिथे एक रात्रही राहिली नव्हती. माझं डोकंच फिरलं. माझी लेक कुठे झोपते, हे आता कागद मला सांगणार!

अहवालाला जोडलेले फोटो मी इतक्यांदा पाहिले की मंदाकिनीबाई वैतागल्या. मग वाघोलीच्या कपाटात टांगलेल्या गणवेशाच्या फोटोवर बोट ठेवून मी त्यांना सगळं समजावलं.

तारखेला त्यांनी तोच फोटो तज्ज्ञांपुढे धरला. "हा गणवेश मुलगी रोज घालते?"

"हो. वडिलांनी तसं सांगितलं."

न्यायाधीशांनी मला बोलू दिलं. "साहेब, अर्ध्या पेठेतल्या पोरींचे गणवेश मी शिवते. वाढतं अंग म्हणून फ्रॉकला खाली दोन आडव्या दुमडी घालते. दरवर्षी एक उसवायची. हा फ्रॉक दुसरीत असताना मीच वाघोलीला पाठवला होता. दोन्ही दुमडी तशाच आहेत. पोर आता चौथीत आहे."

मग पिशवीतून तिचा रोजचा फ्रॉक काढून टेबलावर पसरला. दुमडी उसवल्या होत्या तिथे दोन गडद पट्टे दिसत होते.

"मुलीशी बोललात?" न्यायाधीशांनी तज्ज्ञांना विचारलं.

"सवड झाली नाही."

"मग मी बोलतो."

बाहेर थांबलेली सलीमा न्यायाधीशांच्या खोलीत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली. नंतर न्यायाधीशांनी अहवाल नाकारला आणि ताबा माझ्याकडेच ठेवला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाहेर इम्तियाज आडवा आला. "काय पढवलंस तिला?"

"काही नाही. ती कितवीत आहे, हे आज कोर्टात यायच्या आधी ठाऊक होतं का तुला?"

त्याने सलीमाकडे पाहिलं.

"चौथीत, अब्बा," सलीमा म्हणाली. "तुकडी ब."