जुळ्यांतली थोरली

मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे. मित्रांनो, मला माणसाची फक्त हाडं दिसतात, आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

उत्तर इटलीतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला सिसिलीतल्या एका बंदरगावच्या दवाखान्यात आणलं. काय तो थाट माझा! पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, बायकांनी बदामाची मिठाई वाटली. फुटबॉल खेळताना हात मोडून घेतलेली किती कार्टी माझ्यापुढे भोकाड पसरून बसली! त्यांच्या आज्या माझ्या पत्र्यावरून हात फिरवायच्या आणि मी फुगायचे.

मग वरच्या मजल्यावर नवी मशीन आली आणि माझी रवानगी तळघरात झाली. कुणी फडकंसुद्धा मारीना. पुढे समुद्रातून होड्या येऊ लागल्या, होड्यांतून आईबापाविना पोरं उतरू लागली, आणि त्यांचं वय ठरवायला पुन्हा माझी आठवण झाली. अठराच्या आतलं पोर बालगृहात जायचं, शाळेत जायचं. अठराच्या वरचं मोठ्यांच्या छावणीत, आणि तिथून मायदेशी परत. मी डाव्या हाताचा फोटो काढायचा आणि डॉक्टर रंदाझोंनी तो एका जुन्या पुस्तकातल्या हातांशी ताडून बघायचा. पुस्तकातले हात कुठल्यातरी दूर देशातल्या, पोटभर जेवणाऱ्या मुलांचे. वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होणारच, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी?

एके दिवशी ताइवो आणि केहिंदे आल्या. नायजेरियातल्या योरुबा घरातल्या या जुळ्या बहिणी. आई वाटेत वाळवंटात वारली, तेव्हापासून एकमेकींचा हात धरूनच इथवर पोचलेल्या. "दोघी सोळाच्या," त्यांनी सांगितलं.

मला चालवणाऱ्या नुंझियाबाईंनी दोघींचे फोटो काढले. ताइवोचा हात सोळाचा निघाला, केहिंदेचा अठराच्या पुढे.

"अहो डॉक्टर, जुळ्या आहेत त्या! पुस्तकच चुकलं असेल," नुंझियाबाई म्हणाल्या.

"पुस्तक चुकतं होय? थांबा, विचारतो." डॉक्टर ताइवोकडे वळले. "तुमच्यात आधी कोण जन्मली?"

"मी."

"आणि थोरली कोण?"

ताइवोचा चेहरा उजळला. "ही, केहिंदे!"

डॉक्टर हसत सुटले. "आधी जन्मली ती धाकटी? अगं, खोटं तरी नीट बोला!"

मित्रांनो, त्यांच्याकडे मागून जन्मणारी थोरली मानतात. 'जा, जग कसं आहे ते बघून ये' म्हणून ती धाकटीला पुढे धाडते. योरुबांतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ताइवो ते सांगत होती, पण डॉक्टरांनी कागदावर सही ठोकलीसुद्धा. कसलं मेलं ते डॉक्टरपण!

शिपायाने दोघींची बोटं एकेक करून सोडवली. केहिंदे म्हणाली, "रडू नकोस गं. थोरली आहे ना मी? या खेपेला मी पुढे जाऊन बघते."

ती गेली. ताइवोने धावत येऊन हात माझ्याखाली सरकवला. "पुन्हा काढा! माझा अठराचा काढा! मी खोटं बोलले, मी मोठी आहे, मला तिच्याबरोबर पाठवा!"

"बाळ, तू लहान आहेस," डॉक्टर अगदी मायेने म्हणाले. "कायदा तुला जपतोय. मशीन खोटं बोलत नाही." आणि त्यांनी तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. त्या वेळी मला वाटलं, आपल्या तारा जळून जाव्यात.

आता मी पुरती गंजले आहे. जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात, मी नाही म्हणणार. मला खुशाल भंगारात घाला. पण परक्या मुलखातलं पोर काही सांगत असेल, तर त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या, एवढं कराच.

ताइवो अजून बालगृहातून नुंझियाबाईंकडे येते. अठरा पूर्ण झाली की मोठ्यांच्या छावणीत जायचं, म्हणून दिवस मोजते. केहिंदेला तिथून कधीच परत धाडलं आहे. नुंझियाबाई ताइवोला पोटभर जेवायला घालतात आणि यातलं काहीच सांगत नाहीत.