दोन आत्म्यांचा संगणक

चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. काचा घासायचं यंत्र ज्या संगणकाच्या हुकमावर चालायचं, त्याचा पडदा तीन दिवस काळा पडून होता. गिऱ्हाइकांच्या फ्रेमा दुकानातच अडकलेल्या, त्यामुळे जमलेली वीसेक माणसं डोळे बारीक करून उभी होती. मधोमध यंत्रबाबा.

"एक देह, दोन आत्मे!" बाबा गरजले. त्यांनी संगणकाच्या डब्यावर शाल पांघरली आणि हात शालीखाली घातले. "जुन्या आत्म्या, बैस! नव्या आत्म्या, सरक!"

पडदा उजळला. गर्दीने 'अहाहा' केलं. निवृत्त मास्तरांनी तर 'साक्षात चमत्कार!' म्हणत हात जोडले. साक्षीदार वीस आणि चष्मा एकाच्याही नाकावर नाही, हे दाराशी उभ्या असलेल्या घरच्या सुनेच्या मात्र ध्यानात आलं.

मग बाबांनी संगणक बंद केला, पुन्हा शालीखाली हात घातला आणि सुनेला बटण दाबायला लावलं. पडदा काळाच. वरच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी ओळ, बस.

"पाहिलंत? हिने सासऱ्यांची जागा पुसली, म्हणून ते रागावलेत. हिने आता या खोलीत पाऊल टाकायचं नाही. संगणक मी रोज सकाळी उठवीन. वरच्या खोलीत माझी बैठक मांडा."

सासूबाईंनी मान डोलावली.

सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. बारा वर्षं ती याच खोलीत काचा घासत होती, आणि ही विद्या सासऱ्यांनीच तिला दिली होती. यंत्र म्हातारं, नव्या सिस्टिमशी त्याचं जमेना. म्हणून त्यांनी एकाच संगणकात दोन सिस्टिम बसवल्या होत्या, एक यंत्रासाठी, एक बाकीच्या कामांसाठी. हेच ते दोन आत्मे, आणि त्यांची खबर बाबांना सासूबाईंनीच चहाबरोबर पुरवली होती. जागा पुसली हेही खरं होतं. फायली मावेनात म्हणून तिने डिस्कचा एक रिकामा कप्पा काढून टाकला होता. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. ते रागावले असतील, असं क्षणभर तिलाही वाटलं आणि रडू आलं.

मग डोळे पुसून तिने पडद्यावरची ती ओळ फोनवर शोधली. जगभरात हजारो लोकांना हीच ओळ दिसली होती. इतक्या जणांचे सासरे एकाच वाक्यात रागावले? तिला हसूच फुटलं.

बाबांनी जाताना संगणक तेवढा चालू करून दिला. यंत्रापुढे सासूबाई बसल्या, सून उंबऱ्याबाहेरून सांगू लागली.

"आई, डावीकडचं बटण. अहो, डावं!"

"मला डावं-उजवं कळतं गं!"

"मग उजवं का दाबलंत?"

दिवसभरात एकच चष्मा तयार झाला. कुणाचा करायचा ते सुनेने आधीच ठरवलं होतं. संध्याकाळी सासूबाईंनी सवयीने संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी, पुन्हा शाल. पुढे मास्तर, नाकावर नवाकोरा चष्मा. बाबांचा हात शालीखाली जायला आणि मास्तर पुढे वाकायला एकच गाठ पडली.

"थांबा! बोटांच्या बेचकीत काय आहे?"

"सिद्धमणी!"

"मग त्याला टोपण कशाला?"

कॉपी करणाऱ्या पोराचं धरावं तसं मास्तरांनी बाबांचं मनगट धरलं. हातातून पेनड्राइव्ह पडला आणि घसरत उंबऱ्यापाशी गेला.

सुनेने तो उचलला. "मास्तर, गल्लीतलं एक रिकामं घर पाडलं आणि पुढच्या घरांचे नंबर बदलले तर?"

"पोस्टमन चुकेल."

"तसंच झालंय. संगणक सुरू झाला की डिस्कवरचा एक छोटा प्रोग्राम सिस्टिमचं दार उघडतो. मी कप्पा काढला, पुढच्या कप्प्यांचे नंबर बदलले, आणि तो अजून जुन्याच नंबरावर दार ठोठावतोय. घरं जागच्या जागी आहेत. बाबांच्या पेनड्राइव्हवर दुसरा पोस्टमन आहे, त्याला नवे नंबर ठाऊक आहेत. शालीखाली तो खोचला की संगणक उठतो. माझी पाळी आली की बाबा तो काढून घेतात."

"नास्तिक बाई!" बाबा कडाडले.

"मग हा माझ्याजवळ राहू दे. नुसत्या मंत्राने उठवा."

बाबांनी मंत्र म्हटला. मोठ्याने म्हटला. घसा बसेपर्यंत म्हटला. पडदा ढिम्म. सुनेने उंबरा ओलांडला, पेनड्राइव्ह खोचून संगणक उघडला, दोन ओळी टाइप करून डिस्कवरचा प्रोग्राम नव्याने बसवला आणि पेनड्राइव्ह काढून बाबांच्या हातावर ठेवला. "आई, आता बंद करून चालू करा. मग मी करते."

दोघींच्याही हाताने संगणक मुकाट उठला. बाबांनी काढता पाय घेतला तो शाल विसरूनच.

"चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी नीट बघा, मग उत्तर लिहा," मास्तर गर्दीकडे वळून म्हणाले. "आणि काल मीच न बघता साक्ष दिली. तुम्ही तरी कुणाच्या शालीपुढे हात जोडण्याआधी ती उचलून बघा."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे रागावले नव्हते?"

"नाही हो आई. चूक माझी होती."

"मग बाबा तसं का म्हणाले?"

"चूक दुरुस्त करता येते, आई. ती दुरुस्त झाली की बाबांना रोज कोण बोलावणार?"

सासूबाईंनी शालीची घडी घातली, संगणकावरची धूळ त्याच शालीने पुसली आणि खुर्ची रिकामी केली. "बस बाई तुझ्या जागेवर. एकोणीस चष्मे व्हायचेत."