मधल्या दोन सिलिंडरांचे दुखणे

मी एक जुनी चारचाकी गाडी आहे, आणि मला चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडी चालवता येत नाही. दचकू नका, मित्रांनो. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. माझ्या टपावर ‘शिकाऊ’ असा मोठा फलक आहे आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी आहे. त्या जोडीमुळेच आज मी तुमच्याशी बोलू शकते.

माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या डॉक्टरांकडे गेल्या, दुकानदारांकडे गेल्या. मला एका बहीणभावाने घेतले. भाऊ मोठे, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी बत्तीस वर्षे बस चालवली होती आणि एवढ्या वर्षांत बसवर साधा ओरखडा उठला नव्हता. ही गोष्ट ते नव्या शिकाऊला पहिल्याच दिवशी सांगत असत. बहीण धाकटी, तिला लोक मास्तरीणबाई म्हणत. तिचा आवाज कधी चढत नसे. समोरून ट्रक येत असला तरी ती म्हणे, “आता ब्रेक दाबायला हरकत नाही.”

माझ्या हाताखालून किती माणसे गेली म्हणून सांगू! एक प्राध्यापक गिअर बदलताना डोळे मिटून घेत. एक जोडपे एकत्र शिकायला आले. बायको पंधरा दिवसांत शिकली, नवऱ्याला दोन महिने लागले, आणि घरी दोघांनी मिळून नेमके उलटे सांगितले. क्लच अर्धवट सोडणे, थंड इंजिन रेटणे, तिसऱ्या गिअरवर चढ चढायला लावणे, सगळे मी सोसले. परवाना हातात आला की लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून जात. ती थाप मला आवडे.

पुढे दादांचा डावा गुडघा आखडला. मास्तरीणबाई एके दिवशी शांतपणे म्हणाली, “दादा, आता शिकवायला तू बसू नकोस. वेळेला तुझा पाय क्लचवर पोचला नाही तर?” दादा कार्यालयात बसून फॉर्म भरू लागले आणि रोज सकाळी मला फडक्याने पुसू लागले.

मग एकदा मास्तरीणबाईला ताप भरला. त्या दुपारी एका शिकाऊची वेळ ठरलेली होती. दादांनी खिळ्यावरची किल्ली काढली. चाललो होतो छान. पण पाण्याची एक नळी चिरली होती. माझे पाणी गळून गेले, तापमानाचा काटा लाल रेघेच्या पार गेला. दादांचे सगळे लक्ष रस्त्यावर आणि स्वतःच्या गुडघ्यावर. बॉनेटमधून वाफ दिसली तेव्हा कुठे त्यांनी मला थांबवले. तासभर निवू दिले, नळी बदलून घेतली, पाणी भरले आणि किल्ली पुन्हा खिळ्याला लावली. घरी त्यांनी अवाक्षर काढले नाही.

मित्रांनो, इंजिनात तेल असते ते भाग बुळबुळीत राहावेत म्हणून. पिस्टनभोवती पोलादी रिंगा असतात. त्या तेलाला खालीच अडवून धरतात. त्या दुपारी माझ्या रिंगा तापून ढिल्या पडल्या. तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळू लागले. दादांना ते आठवड्याच्या आतच कळले. तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तेल निम्म्यावर. तेव्हापासून ते रोज मला पुसता पुसता टायरांच्या मागे लपवलेल्या डब्यातून थोडे तेल ओतत. मास्तरीणबाई दर रविवारी पट्टी तपासायची. तेल खुणेपर्यंत भरलेले असायचे. ती निर्धास्त. असे दीड वर्ष चालले.

धूर मात्र लपला नाही. एक नर्स परवान्याच्या परीक्षेला बसली होती. तिची ही तिसरी खेप. परवाना मिळाला तरच तिला फिरत्या दवाखान्यात नेमणूक मिळणार होती. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची होती. तिने सगळे बरोबर केले, पण माझ्या मागून निळा धूर असा लोटला की परीक्षक खोकत बाजूला झाले. “आधी गाडीला पास करून आणा,” ते म्हणाले, “मग माणसाचं बघू.”

नर्स खाली उतरली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना लोक कानवाले म्हणत, कारण ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत. त्यांनी ऐकले, धूर पाहिला आणि विचारले, “तेल किती दिवसांनी घालावं लागतं?”

“घालावंच लागत नाही,” मास्तरीणबाई म्हणाली. “दर रविवारी बघते मी.”

“निळा धूर म्हणजे तेल जळतंय, बाई. जळतंय तर कमी व्हायला हवं. होत नाही, म्हणजे कोणीतरी भरतंय.”

दादा भिंतीवरच्या पान्यांकडे पाहत होते. नजर न वळवता म्हणाले, “मी भरतो. आठवड्याला लिटरभर.”

मास्तरीणबाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

“बरं झालं सांगितलंत,” मिस्त्री म्हणाले. “आता तेल कुठून शिरतंय ते बघू. वरून, व्हॉल्व्हच्या रबरी सीलमधून शिरत असेल तर काम सोपं. खालून, रिंगांतून असेल तर इंजिन उतरवावं लागेल.”

त्यांनी माझ्या चार सिलिंडरांचे, ठिणगी पाडणारे चारही प्लग काढले. पहिला आणि चौथा कोरडे. मधले दोन काळे, ओलसर. मग प्लगच्या एकेका भोकाला दाबमापक लावून त्यांनी माझे इंजिन सुरू न करता नुसते फिरवले. कडेच्या दोघांचा दाब चांगला, मधल्या दोघांचा निम्म्याला टेकलेला. त्यांनी मधल्या दोघांत चमचाभर तेल सोडले आणि पुन्हा मोजले. काटा सरसर वर चढला.

“तेलाने फट बुजली म्हणून दाब वाढला,” मिस्त्री म्हणाले. “व्हॉल्व्ह खराब असते तर काटा हलला नसता. दुखणं रिंगांचं आहे. आणि मधल्याच दोघांचं. गाडी तापली की मधल्यांना आधी झळ लागते. कधी तापली होती का?”

“नाही,” मास्तरीणबाई म्हणाली.

“हो,” दादा म्हणाले. “तुला ताप होता, त्या दिवशी.”

त्यांनी सगळे सांगितले. किल्ली, नळी, वाफ. शेवटी म्हणाले, “बत्तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. तुला कळलं असतं तर तू किल्ली माझ्या हाती लागेल अशी खिळ्यावर ठेवली नसतीस.”

“नसतीच ठेवली,” ती म्हणाली. “पण त्याच आठवड्यात मिस्त्रींकडे आणली असती.”

मग दादा म्हणाले, “विकून टाकू हिला. माझ्या नावाने कायमची खोट नको दारात.”

मास्तरीणबाईने मिस्त्रींना विचारले, “दुसरं इंजिन बसवलं तर?”

“बसवता येईल. वापरलेलं मिळतं. पण ते कोणी कसं हाकलं, कधी तापवलं, देव जाणे. हिची दुखणी आता आपल्याला तोंडपाठ आहेत. बाकी अंग ठणठणीत आहे, गंज नाही, गिअर नीट पडतात. इंजिनाच्या ब्लॉकला तडा नसेल तर सिलिंडर आतून कोरून, म्हणजे बोअर करून, नवे पिस्टन, नव्या रिंगा घालू. तडा असेल तर मीच सांगेन, विका म्हणून.”

तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, “उतरवा इंजिन. दादा, तू इथेच थांब. काय निघतं ते स्वतः बघ आणि मला येऊन सांग. जसं असेल तसं.”

इंजिन उतरले. मधल्या दोन सिलिंडरांच्या भिंतींवर उभे ओरखडे होते. दादांनी त्यांवरून बोट फिरवले. नखाला लागत होते. तडा मात्र नव्हता. संध्याकाळी त्यांनी बहिणीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी ओरखड्यांची.

तीन आठवड्यांनी मी परत आले. मिस्त्रींनी बजावले, “पहिले हजार किलोमीटर ताणू नका. आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नका.”

“आमच्याकडे एकाच वेगात चालवणारा अजून जन्माला यायचाय,” मास्तरीणबाई म्हणाली, आणि गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर प्रथमच दादा हसले.

नर्सने चौथ्या खेपेला चढ नीट पार केला. परीक्षकांनी माझ्या मागे जाऊन मुद्दाम पाहिले, पण त्यांना काही दिसले नाही. आज ती फिरत्या दवाखान्याची गाडी स्वतः चालवते.

दादा शिकवायला बसत नाहीत. गुडघा तसाच आहे. पण दर रविवारी पट्टी आता दोघे मिळून पाहतात.

मित्रांनो, यंत्रे बोलत नाहीत असे तुम्हाला वाटते. आम्ही धुरातून, आवाजातून, ओल्या प्लगमधून बोलतच असतो. आमचे तेल कमी झाले तर जरूर भरा. फक्त भरून झाल्यावर डबा लपवू नका. घरात कोणाला तरी सांगा.