खिडकीकडची जागा

"तिकीट?" मी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली. समोर रावसाहेब बसले होते. याच बसचे ड्रायव्हर, अकरा वर्षं माझे जोडीदार, आणि आज प्रवाशांच्या बाकावर, खिडकीशी. शेजारी वहिनी.

"एक फुल, एक हाफ," वहिनी म्हणाल्या. "हे लहान मुलासारखं वागतायत हल्ली."

रावसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुणी आडवं आलं तरी शिवी न देता ते हात वर करून वाट देत, म्हणून डेपोनं ठेवलेलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या हातून बसचा आरसा थांब्याच्या खांबाला घासला. इजा कुणालाच झाली नाही, पण डेपोच्या साहेबांनी त्यांना गाडीवरून उतरवलं. पंधरा दिवसांनी, शनिवारी, डोळ्यांची तपासणी. पास झाले तर बस परत, नाही तर नोकरीची उरलेली चार वर्षं स्टोअरमध्ये सुटे भाग देत बसायचं.

"घरात नुसत्या येरझाऱ्या घालतात," वहिनी सांगू लागल्या. "मी भाजी चिरतेय, तर मागे उभं राहून म्हणतात, हळू घे, पुढे वळण आहे. म्हटलं चला, तुम्हाला बसमध्येच नेऊन बसवते."

रावसाहेब हसले नाहीत. त्यांची नजर समोरच्या काचेवर आणि उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला. नवा ड्रायव्हर ब्रेक मारायच्या आधी तो पाय हलायचा. दोन फेऱ्या ते तसेच बसून राहिले. तिसऱ्या फेरीला वहिनींनी चारचौघांत त्यांची हनुवटी धरली आणि मान खिडकीकडे वळवली.

"बाहेर बघा. फुकट आहे."

आणि माणूस बघू लागला. सव्वीस वर्षं त्यांनी रस्ता पाहिला होता, रस्त्याच्या कडेला काय चालतं ते कधीच नाही. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर गिऱ्हाईकाऐवजी न्हावीच झोपलेला असे. पहिल्या मजल्यावरची एक बाई कुंड्यांना रागावत रागावत पाणी घाली. छापखान्याच्या पायरीवर दोघे म्हातारे बुद्धिबळ खेळत आणि तिसरा दोघांनाही चुकीचे सल्ले देई.

"अरे, हे इथं कधीपासून आहे?" ते मला विचारत.

"तुमच्या आधीपासून," मी म्हणे.

मग रोज सकाळी दहाची फेरी ठरली. खिशात शेंगदाण्यांची पुडी, दोन थांब्यांना एक मूठ. म्हाताऱ्यांमध्ये कोण जिंकणार यावर नवराबायकोच्या पैजा लागू लागल्या. हरेल त्यानं संध्याकाळचा चहा करायचा. "तीन दिवस यांच्या हातचा पितेय," वहिनी म्हणाल्या. "साखर विसरतात. मी गप्प पिते, नाहीतर चहा करणंच विसरतील." शनिवारचं भूत गेलं नव्हतंच, पण निदान मानगुटीवरून उतरून शेजारच्या बाकावर बसलं होतं.

माझंही एक काम चालू होतं. शेवटच्या थांब्यावर वहिनी पाय मोकळे करायला उतरल्या की मी रावसाहेबांकडून तक्ता घोकून घेई. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता कित्येक वर्षांत बदललेला नाही. आमचे निम्मे ड्रायव्हर तो पाठ करूनच आत जातात.

"पाचवी ओळ?"

"प, न, र, ग, ट."

"सहावी?"

"ह, ल, स, म, च, क."

थोडं अंधुक दिसतं, एवढंच ते मला म्हणाले होते, आणि मलाही तेवढंच ऐकायचं होतं. त्यांच्याशिवाय ती बस मला परक्याची वाटायची.

तपासणी दोन दिवसांवर आली होती. गुरुवारी वहिनी समोरच्या काचेतून बघत एकदम हसल्या. "तो पिवळ्या छत्रीवाला बघा. भर रस्त्यात उभा राहून चपलेचा अंगठा लावतोय. जगाची काही पर्वाच नाही."

"हो, हो," रावसाहेब म्हणाले. मग थांबले. "कुठं?"

"अहो, समोर."

मलाही दिसत होता. सरळ रस्ता, स्वच्छ ऊन आणि मधोमध ती छत्री. रावसाहेब पुढच्या बाकाचा दांडा धरून उभे राहिले. ड्रायव्हरनं वेग कमी केला, हॉर्न दिला, बस रांगत पुढे सरकली. छत्री अगदी तोंडाशी आली तेव्हा कुठं ती त्यांना दिसली. मी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होतो, म्हणून कळलं. ते खाली बसले आणि पुडी वहिनींच्या हातात दिली. त्या दिवशी पैज लागली नाही.

शेवटच्या थांब्यावर मी हळूच विचारलं, "पाचवी ओळ?"

"येते मला," ते म्हणाले.

शनिवारी मी रजा टाकून बरोबर गेलो. वहिनी बाहेर बसल्या, मी दाराशी उभा राहिलो. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या.

"वाचा काका, वरून."

तीन ओळी त्यांनी धडाधड वाचल्या. चौथीत अडखळले. पाचवीला थांबले. विसरले की काय म्हणून माझेच ओठ हलू लागले.

"प, न, र, ग, ट," रावसाहेब म्हणाले. "त्याखाली ह, ल, स, म, च, क."

"छान," म्हणून बाई लिहू लागल्या.

"थांबा, बाई. हे पाठ आहे. मला तिथं नुसता पांढरा कागद दिसतो."

त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मान माझी खाली गेली. इतकी वर्षं माणसं सुखरूप पोचवणाऱ्याला मी पंधरा दिवस खोटं बोलायला शिकवत होतो.

बाईंनी बॅटरीनं डोळे पाहिले. आतला पडदा झिजलाय, चष्म्यानं भागणार नाही, म्हणाल्या. काळजी घेतली तर जवळचं दिसत राहील.

"रस्त्याच्या कडेचं?" रावसाहेबांनी विचारलं.

बाईंना नीटसं कळलं नसावं. "दिसेल तेवढं," त्या म्हणाल्या.

"मग चालेल."

डेपोच्या कचेरीत साहेब काही बोलायच्या आत त्यांनी छातीवरचा ड्रायव्हरचा बिल्ला स्वतःच काढला आणि टेबलावर ठेवला. शर्टाच्या खिशावर पिनेची दोन बारीक भोकं उरली. बाहेर आल्यावर वहिनींनी त्यांवरून अंगठा फिरवला.

"घरी गेल्यावर रफू करून देते."

"राहू दे," रावसाहेब म्हणाले आणि शर्टाची वरची गुंडी लावली.