बटाट्याला फुटलेलं हाड

सांधेमहाराजांच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणाचा हात गळ्यात, कुणी काठीवर, कुणी मुलाच्या पाठुंगळी. समोरच्या मोठ्या पडद्यावर धाकटीच्या वडिलांच्या नडगीचा एक्सरे होता आणि हाडाच्या मधोमध काळी भेग. महाराजांनी परातीतला पांढरा लेप नडगीवर थापला.

"काय वाटतंय, काका?"

"गरम लागतंय."

"गरम नाही, हाडात प्राण येतोय. डॉक्टर हाड कापतो, आम्ही हाडाची समजूत घालतो."

दहा मिनिटांत लेप दगडासारखा झाला. शेजारच्या खोलीत पुन्हा एक्सरे निघाला. भेग गेलेली, तिच्या जागी पांढरंशुभ्र हाड. सगळा हॉल हात जोडून उभा राहिला. वडील शिंपी होते. चाळीस वर्षं याच पायानं मशीन चालवून त्यांनी दोन मुलं वाढवली होती. थोरल्यानं डोळे पुसले.

धाकटीनं पुसले नाहीत. प्रयोगशाळेत ती हाडांचं सिमेंट करायची. कॅल्शियम फॉस्फेटची पावडर, पाणी लागलं की घट्ट होणारी, ऑपरेशनमध्ये हाडातली पोकळी भरायला. तिच्यात चिमूटभर दुसरा धातू घातला तर काय होतं, हे बघण्यात तिची सहा वर्षं गेली होती. मॅग्नेशियमनं ती सावकाश घट्ट होते. स्ट्रॉन्शियमनं एक्सरेत जास्त पांढरी दिसते, म्हणजे सिमेंट कुठवर पोचलं ते सर्जनला कळतं.

"बाबा, खाली जखम उघडी आहे. आत्ता दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"चार बुकं शिकलीस म्हणून बापाच्या बरं होण्यात खोडा घालू नकोस," थोरला म्हणाला.

वडील म्हणाले, "सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं ना, पोरी?"

दोन दिवस तिनं डोकं फोडून घेतलं. मग कंटाळून गप्प बसली.

नवव्या दिवशी वडील तापानं फणफणले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन एक्सरे काढले. समोरून हाड अखंड दिसत होतं. बाजूनं पाहिलं तर पांढरी खपली कातडीच्या बाहेर, आणि आत हाडाची दोन टोकं तशीच तुटलेली, उलट आणखी सरकलेली. लेप फोडला तेव्हा कोंडलेल्या जखमेच्या वासानं थोरला बाहेर पळाला.

"गुडघ्याखाली पाय काढावा लागेल," बाई म्हणाल्या.

धाकटीनं लेपाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला. स्ट्रॉन्शियम नेहमीच्या दुप्पट. असला घाणा जगात एकच होता, आणि तो तिनंच बिघडला म्हणून टाकून दिला होता. कचरा नेणाऱ्याला विचारलं, तर त्यानं ते डबे महाराजांना विकले होते.

दोन दिवसांनी ती हॉलमध्ये गेली आणि तिनं पिशवीतून बटाटा काढला.

"महाराज, याला लेप लावा आणि फोटो काढा."

"श्रद्धेची चेष्टा करतेस?"

रांगेतल्या एका बाईच्या कडेवर पोर होती, पोरीचा हात लेपानं पांढरा. बाई म्हणाली, "काढा की महाराज. बटाट्याचा फोटो काढायला काय जातंय?"

मागून लोकांनी री ओढली. महाराजांचा नाइलाज झाला. पडद्यावर बटाटा उमटला आणि त्याच्या पोटात आडवं पांढरंशुभ्र हाड. कुणीतरी खुदकन हसलं. धाकटीनं बटाटा बाजूनं फिरवून दुसरा फोटो काढायला लावला. हाड सालीवर बसलं होतं. आता कुणी हसलं नाही.

"या पावडरीत एक जड धातू आहे," ती म्हणाली. "तो एक्सरेचे किरण अडवतो. लेप भेग जोडत नाही, झाकतो. गरम होतं ते पाणी लागल्यामुळे. आणि ही पावडर माझ्या टेबलावरून कचऱ्यात गेलेली आहे, हेही ऐका. माझ्या बापाचा पाय काल कापला. कुणी चमत्काराचा फोटो दाखवला तर म्हणा, दुसऱ्या बाजूनं दाखव. जो चिडेल, त्याच्या हातात आपलं हाड देऊ नका."

त्या बाईनं विचारलं, "मग हिच्या हाताचं?"

"आत्ता दवाखान्यात. माझ्याबरोबर."

तेराजण उठले. बाकीचे मान खाली घालून रांगेतच बसले. महाराज मागच्या दारानं कधी सटकले, ते रांगेतल्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी ती दवाखान्यात वडिलांजवळ बसली. एका बाजूला गुडघ्याखाली चादर सपाट होती.

"महाराजांचं काही चुकलं नाही," वडील म्हणाले. "माझीच श्रद्धा कमी पडली."

"बाबा, बटाट्याची किती होती?"

थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं हॉलमधलं सगळं सांगितलं. वडिलांनी सपाट चादरीवरून हात फिरवला.

"पहिल्याच दिवशी इथे आलो असतो, तर पाय राहिला असता का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि थोरला तिच्याकडे त्याचसाठी वळून बघत होता.

"हो बाबा," ती म्हणाली. "राहिला असता."