पाखऱ्याचा जोडीदार

"सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, तुमचा इस्वास बसायचा नाय," मी म्हणालो. "पिशोरात बसला नाय, कन्नडच्या बाजारात बसला नाय, तुमच्या बापाचा तर अजून बसला नाय."

"मग सांगता कशाला, आबा?" ईश्वरी म्हणाली. माझी ही थोरली नात दहा वर्षांची आहे आणि आजीवर गेली आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार होती. शहरात, गारखेड्यात, माझ्या मुलाचं घर आहे. त्या घरासमोर, जिथं गाडी उभी करतात त्या फरशीवर, मी, ईश्वरी, तिची धाकटी बहीण तन्वी आणि माझी बायको वच्छला असे चौघं मातीचे बैल करत बसलो होतो. करत होतो म्हणणंही धाडसाचंच. तन्वी भोकाड पसरून बसली होती, कारण तिच्या बैलाचं शिंग ईश्वरीनं उपटून आपल्या बैलाला लावलं होतं. सूनबाई दर पाच मिनिटांनी दारात येऊन फरशी बघून जात होती. बोलत नव्हती. तिचं न बोलणं शेजारच्या तीन घरांत ऐकू जात होतं. आणि माती तरी कसली! मुकुंदवाडीहून प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेली. ज्याच्या सात पिढ्या मातीत गेल्या त्यानं माती पिशवीतून आणावी, हे बघायला मी जगलो.

वच्छलानं मातीत कापूस पिंजून मळला होता. त्यानं बैल वाळल्यावर तडकत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी सांगायच्या आत तिनं मळून टाकला. म्हणून मी म्हणालो, "कापसानं बैल हलका पडतो."

"सांग तुझ्या आबाला," वच्छला ईश्वरीला म्हणाली, "हलकं कोण पडतं ते साऱ्या गावाला ठावं हाय."

आमच्यात असंच चालतं. मधे कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर ती मांजराला सांगते, आणि मांजर माझ्याकडे बघतं.

शाळेतल्या बाईंचा हुकूम होता: मातीची जोडी करा, काडीचं जू लावा, आणि ज्या बैलांच्या कष्टावर आपलं घर उभं राहिलं त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून त्यांच्या गळ्यात बांधा. खाली आभाराच्या तीन ओळी. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचे बैल मांडून ठेवायचे होते. पहिली चिठ्ठी बांधून झाली होती. 'पाखऱ्या' असं ठसठशीत लिहून ईश्वरीनं ती डाव्या बैलाच्या गळ्यात अडकवली होती. दुसरी कोरी होती.

"दुसऱ्याचं नाव सांगा ना," तिनं चौथ्यांदा विचारलं. "बाई म्हणाल्या, एकट्या बैलाचं घेणार नाही. जोडीच पाहिजे."

दुसरं नाव मला द्यायचं नव्हतं. पाखऱ्याच्या जोडीला आधी गावातल्या सांडूचा बैल होता. त्याचं नाव माझ्या दारातल्या मातीला बांधू देतो की काय! आणि सांडूच्या बैलानंतर जुवाला जे कुणी होतं, त्याचं नाव तर मुळीच नाही. ती चिठ्ठी कोरी राहावी किंवा भलत्याच नावानं भरावी, एवढ्याचसाठी मी गोष्ट काढली होती.

"ऐका तर," मी म्हणालो. "पोलीस ॲक्शन होऊन सतरा-अठरा वर्षं झाली व्हती. निजाम गेला, रजाकार गेले, पर माणसाचा तोरा गेला नव्हता. माझा एक बैल, पाखऱ्या. एका बैलावर शेती व्हते का?"

"नाही," तन्वी रडता रडता म्हणाली.

"म्हून मी अन् सांडूनं वारंगुळा केल्ता. त्याचा एक, माझा एक. चार दिवस जोडी माझ्या रानात, चार दिवस त्याच्या. लई बेस चाललं व्हतं. मंग आला पोळा."

पाटलाच्या जोडीचा मान पहिला, त्याबद्दल कुणाचं म्हणणं नव्हतं. भांडण होतं पाटलाच्या मागं कोण, याचं. त्या वर्षी गावानं आमच्या जोडीचं नाव घेतलं. जोडी एक, मालक दोन. वेशीपाशी सांडूनं कासरा हातात घेतला.

"सोड," मी म्हणालो.

"काहून सोडू? माझा बैल उजव्या अंगाला हाय. कासरा उजव्याच्या मालकाचा."

"उजव्या अंगाला हाय, कारण डावीकडचं त्याला दिसत नाय. काना हाय तुझा बैल."

"बैल काना असंल, मालक तर बेइमान नाय!"

वाजंत्री थांबली. दोन्हीकडची माणसं बाह्या सावरून पुढं आली. मी काय केलं असेल? जुवाच्या खिळा उपसल्या, पाखऱ्याला मोकळा केला आणि त्याला एकट्यालाच तोरणाखालून पुढं काढला. तोरणाखाली जोडी फोडू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या घडीला कळत नव्हतं.

"सांग तुझ्या आबाला," वच्छला म्हणाली. ती तन्वीच्या बैलाला नवं शिंग लावत होती. "दुसऱ्या नंबराच्या मानासाठी. पहिल्या नंबराचा असता तर एक येळ समजलं असतं."

"मधे बोलायचं काम नाय," मी म्हणालो, तेही ईश्वरीकडे बघून.

"मग सांडू आजोबा काय म्हणाले?"

"आजोबा कशाचा तो! म्हणला, जा, आता पेर एकट्या बैलावर. बघतो जुवाची दुसरी बाजू कोण धरतं ते."

सूनबाई दारात आली. "तात्या, लवकर आटपा बरं. फरशी धुवायचीये. उद्या पुरणाचं बघायचं का ह्या चिखलाचं?"

"चिखल नाय, बैल हायत," मी म्हणालो. तिनं बैलांकडे पाहिलं. माझा बैल तेवढ्यातच पुढच्या पायांवर कोसळला होता. ती आत गेली आणि भांडी जोरानं वाजली.

खरं तर आश्विनात मी शब्द टाकला असता तर गावात कुणीही आठ दिवस बैल दिला असता. द्वारकाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा बैल नुसता गोठ्यात उभा होता. पण मागायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड वेशीत उघडलं होतं तेवढंच. चार एकर रान होतं डोंगराच्या पोटाशी, गावापासून कोसभर आत. तिकडं कुणाची वाट जात नव्हती. ते एका अर्थी बरंच होतं.

"मग पेरलं कसं?" ईश्वरीनं विचारलं. तिनं पेन उचललं होतं.

इथंच ती गोष्ट सुरू होते, जी मी छत्तीस लग्नांत आणि अगणित बारशांत सांगितली आहे. पुढं शहरात येऊन तीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर बसलो, तिथंही सांगितली. इथं आवाज खाली आणायचा असतो. मी आणला.

"सकाळी पाखऱ्याला रानात उभा केला. सूर्व्या उगवला. पाखऱ्याची सावली पडली रानावर, आडवी, लांबलचक, शिंगासकट. मी बघितलं, सावली बी बैलच हाय की! उचललं जू, एक बाजू पाखऱ्याच्या मानंवर, दुसरी सावलीच्या मानंवर. वखराचं रुमणं धरलं अन् म्हणलं, चल! निघाली जोडी."

तन्वीचं रडणं थांबलं. ईश्वरीनं डोळे बारीक केले.

"जू खाली नाही पडलं?"

"बोटभर बी नाय."

"पण वळल्यावर सावली दुसऱ्या बाजूला गेली असेल."

"गेली ना! म्हून मी पाखऱ्याला बी दुसऱ्या बाजूला जुंपायचो. दर वळणाला. मेहनत का कमी व्हती!"

"आणि दुपारी? दुपारी सावली पोटाखाली जाते."

ही मुलगी पुढं वकील होणार आणि माझ्याच विरुद्ध उभी राहणार. "दुपारी सुट्टी," मी म्हणालो. "सावली पाखऱ्याच्या पोटाखाली झोपायची, पाखऱ्या उभ्या उभ्या रवंथ करायचा."

"ढग आले तर?"

"ढग आला की पाखऱ्या आपणहून थांबायचा. जोडीदार नाय तर पाऊल टाकायचं नाय. इमानी जनावर! अकरा दिवसांत चार एकर वखरून काढलं, वर तिफण मारली. जवारी अशी आली, अशी आली, की कणसावर बसलेलं पाखरू मला खालून दिसत नव्हतं."

वच्छलाचा हात मातीवर चालत होता. एरवी ती या ठिकाणी मधे काहीतरी टोचून बोलते. आज मात्र शिंगाचं टोक ती अंगठ्यानं ओढत राहिली, ओढत राहिली, आणि ते सुईसारखं झालं.

"अन् पुढच्या पोळ्याला," मी म्हणालो, "साऱ्या गावानं पाखऱ्याला मान दिला. पाटलाच्या मागं एकटा पाखऱ्या. सांडू गर्दीत मागं उभा, तोंड असं वाळलेल्या दोडक्यावाणी."

हे मात्र खोटं नाही. दारात बैल आला तेव्हा गल्लीतल्या बायका त्याच्या खुरांवर पाणी घालायला आल्या. जो तो म्हणत होता, एकट्या जनावरानं घर तारलं. वच्छलानं ताट धरलं, पाय धुतले, पुरणाची पोळी भरवली. भर उकाड्यात तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतला होता. मी चारचौघांत म्हणालो, "जरा वाकून पाया पड त्याच्या. आपलं पोट त्याच्यावर हाय." ती वाकली. आमच्या दोघांच्या मधे कुणीतरी लागायला लागलं ते त्या दिवसापासून. आता सेहेचाळीस वर्षं होतील.

"भारी!" तन्वी म्हणाली. "ताई, सावली लिही. दुसऱ्या बैलाचं नाव सावली."

"शाब्बास," मी म्हणालो. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. "लिही. आभाराच्या वळी मी सांगतो. हे सावली, तुझ्यामुळं आमच्या घरात..."

ईश्वरीनं चिठ्ठी मांडीवर घेतली. 'सा' लिहिला, 'व' लिहिला आणि थांबली.

"आबा, तिफण तुम्ही धरली, ना?"

"मंग कुणी धरली?"

"मग बी कुणी टाकलं? बाईंनी चित्र दाखवलं होतं. मागून एक बाई चाड्यात बी टाकत चालते."

"बी मीच टाकलं. एका हातानं तिफण, एका हातानं बी."

"आणि आजी? आजी कुठं होती?"

सेहेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लग्नांत नाही, फाटकावर नाही. लोक सावलीचं विचारायचे, ढगांचं विचारायचे. मला उत्तर शोधावंही लागलं नाही, इतकं ते जिभेवर तयार होतं.

"ती व्हय? ती घरीच व्हती. चुलीम्होरं. ती काय करणार रानात येऊन!"

वच्छलानं हातातला बैल फरशीवर ठेवला. चारही पायांवर नीट उभा राहतो का ते पाहिलं. मग हाताची माती पदराला पुसली, जे ती कधी करत नाही.

"खोटंय," ती म्हणाली.

मोठ्यानं नाही, पण दारातल्या सूनबाईला ऐकू गेलं, आणि ती फडकं हातात धरून तिथंच थांबली. मी हसायला गेलो.

"पोरी, ते खोड," वच्छला ईश्वरीला म्हणाली. "सावलीला दोरीचा वळ उठत नसतो. दुसऱ्या बाजूनं मी व्हते. सक्काळपासून दिवस मावळंपर्यंत, अकरा दिस वखराला, मंग चार दिस तिफणीला. बी खरंच ह्यांनी टाकलं, माझे हात जुवाला व्हते म्हून."

"आजी..." ईश्वरी म्हणाली.

"अन् खाली वळी लिहायच्या असल्या तर एकच लिही. पाखऱ्या दोनदा रानात बसला. मी नाय बसले."